भामटा, बेरड, उचल्या : ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींतील बालसंगोपनाचा ऐतिहासिक विचार

मराठीत कोणाला ‘भामटा’ म्हटले की ऐकणाऱ्यापुढे गोड बोलून गंडा घालणारा लबाड मनुष्य उभा राहतो. ‘बेरड’ या शब्दाने मार खाऊनही न वाकणारा, निगरगट्ट माणूस सूचित होतो. हे दोन्ही शब्द आज गुणवाचक म्हणून सर्रास वापरले जातात. मुळात मात्र ती माणसांच्या समूहांची नावे होत. बेरड अथवा बेडर ही कर्नाटकाच्या सीमाभागातील लढाऊ व राखणदार जमात. औरंगजेबाने जातीने चालविलेला अखेरचा वेढा इ. स. १७०५ मधील वाकिनखेड्याचा. तेथे त्याला जेरीस आणणारे हेच बेडर होत, आणि सुरपूरचे संस्थानही त्यांच्याच नायकांचे होते. भामट्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत ‘भामटा’ या मथळ्याखाली टकारी, उचले, पाथरूट, कामाटी इत्यादी नावे येतात. यांतील ‘टकारी’ हे नाव टाकीवरून आले आहे. जात्यांना व पाट्यांना टाकी लावून देणारे ते टकारी. ‘उचल्या’ हे नाव वस्तू उचलण्यावरून, म्हणजे चोरीवरून पडले. समूह एक, पण एक नाव त्याच्या श्रमाचे आणि दुसरे त्याच्या अपराधाचे. लोकभाषेने यांपैकी कोणते नाव जपले आणि कोणते विस्मृतीत टाकले, हे सांगावयास नको.

समूहाचे नाव दुर्गुणाचे नाव होते, तेव्हा त्या समूहात जन्मणाऱ्या मुलाच्या वाट्याला तो दुर्गुण त्याने काही करण्यापूर्वीच येतो. समाजविघातक वृत्ती माणसात कोठून येते, हा मानसशास्त्राचा जुना प्रश्न आहे. रक्तातून, घरच्या वळणातून, की भोवतालच्या संस्कृतीतून? महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत शोधले जाण्यापूर्वी कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले, आणि त्या उत्तराच्या आधारे कित्येक पिढ्यांची मुले वाढविण्यात आली. त्या इतिहासाकडे बालसंगोपनाच्या दृष्टीने पाहिले असता वंश आणि वळण यांच्या वादातील एक मोठी गफलत उघड होते.

इ. स. १८७१ चा सत्ताविसावा कायदा, म्हणजे गुन्हेगार जमातींचा कायदा, १२ ऑक्टोबर रोजी संमत झाला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे त्या वेळी गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदेमंत्री होते. विधेयकामागील युक्तिवाद थोडक्यात असा : हिंदुस्थानात धंदा जातीने ठरतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार होतो, तेव्हा चोरी व दरोडा हाच ज्यांचा पिढीजात धंदा अशाही जाती असल्याच पाहिजेत, आणि त्यांची संतती त्याच मार्गाने जाणार हे ठरलेलेच आहे. या युक्तिवादात ‘वंश’ हा शब्द जीवशास्त्रीय अर्थाने आलेला नाही, ही गोष्ट सहसा नजरेतून सुटते. जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडणारा चेझारे लोंब्रोझो याचा ग्रंथ इ. स. १८७६ मध्ये, म्हणजे या कायद्यानंतर पाच वर्षांनी निघाला. १८७१ च्या कायदेकर्त्यांच्या मनात कवटीची ठेवण वा रक्ताचा दोष नव्हता. त्यांच्या मनात जातिव्यवस्था होती. बाप शिकवितो आणि मुलगा शिकतो, एवढेच त्यांचे मूळ विधान होते. ते विधान संगोपनाविषयीचे आहे. मात्र हे शिकणे इतके अटळ मानले गेले की ते जन्मासारखेच झाले. ‘खाण तशी माती’ या म्हणीत जी संदिग्धता आहे तीच येथे कायद्यात उतरली : खाण म्हणजे कूस की घर, हे कोणी स्पष्ट केले नाही.

या कायद्याची पूर्वपीठिका ठगांच्या बंदोबस्तात आहे. इ. स. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीशी संबंध असणे एवढाच जन्मठेपेस पुरेसा अपराध ठरला. विशिष्ट कृत्य सिद्ध करण्याची आवश्यकता उरली नाही. त्याच वर्षी विल्यम स्लीमन याने ठगांच्या सांकेतिक शब्दांचा ‘रामसीआना’ हा कोश कलकत्त्यात प्रसिद्ध केला. एखाद्या समूहाला वेगळी भाषा आहे, यावरून तो समूह म्हणजे एक वेगळी मानवजात होय असा समज पसरण्यास या कोशाने फार मोठा हातभार लावला. वास्तविक ठगांच्या टोळ्यांत अनेक जातींचे हिंदू होते आणि मुसलमानही होते. धंद्यासाठी एकत्र आलेल्या माणसांची ती परिभाषा होती. पुढे जबलपूर येथे माफीच्या साक्षीदारांसाठी व त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा निघाली आणि तेथील गालिचे प्रसिद्धीस आले. ठगाचा मुलगा विणकर होऊ शकतो, हे सरकारच्याच एका संस्थेत दिसत होते. तरीही पस्तीस वर्षांनी कायदा झाला तो याच्या उलट गृहीतावर.

महाराष्ट्रात या जमातींचे पूर्वीचे स्थान काय होते, हे पाहिल्यावाचून पुढील भाग समजणार नाही. रामोशी हा गावगाड्यातील राखणदार होता. गावात चोरी झाली तर माग काढून तो दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचविणे, नाही तर नुकसान भरून देणे, ही त्याची जबाबदारी होती. किल्ल्यांच्या मेटांवरही रामोशी असत. म्हणजे चोराच्या हालचाली ओळखण्याचे ज्ञान हे या घरांतील मुलाचे रीतसर शिक्षण होते, आणि ते समाजाने मान्य केलेल्या वतनासाठी होते. १८१८ नंतर ही व्यवस्था खिळखिळी झाली. पुरंदरच्या परिसरातील उमाजी नाईकाचे बंड याच उलथापालथीतून उठले. त्याला पकडण्याच्या कामगिरीवर असलेला कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश याने इ. स. १८३३ मध्ये रामोशांवर जे पुस्तक लिहिले ते आजही महत्त्वाचे साधन आहे. तेच कसब, तेच रात्रीचे जागरण, तीच पायवाटांची माहिती. वतन होते तोवर तिला राखण म्हणत, वतन गेल्यावर तिलाच गुन्हेगारी म्हणू लागले. घरातील शिक्षण बदलले नव्हते, बाहेरचे जग बदलले होते.

बंजारे व कैकाडी यांची कथा वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येते. कोकणातील मीठ बैलांच्या पाठीवरून घाटावर न्यावयाचे आणि घाटावरील धान्य खाली आणावयाचे, हा लमाणांच्या तांड्यांचा व्यापार. लोहमार्ग इ. स. १८५४ मध्ये कल्याणला पोचला, १८५६ मध्ये अंबरनाथ व बदलापूर यांच्या शिवारातून खोपोलीपर्यंत गेला आणि १८६३ मध्ये बोरघाट चढला. दहा वर्षांच्या अवधीत तांड्यांचा शेकडो वर्षांचा मार्ग निरर्थक झाला. ज्या भागातून हा मार्ग जातो त्यातच आजचे पालेगाव आहे. या नावातील ‘पाले’ आणि भटक्यांचे ‘पाल’ यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण केवळ ध्वनिसाम्यावर स्थलनामाची व्युत्पत्ती उभी करू नये; झाडपाल्याचा दावाही तितकाच बळकट आहे. पाल उभारून राहणारा माणूस मात्र या वाटेवरून खरोखरच जात होता. त्याचे येणे गावकऱ्याला पूर्वी हवेसे वाटे, कारण त्याच्यापाशी मीठ असे. मीठ रेल्वेने येऊ लागल्यावर त्याच्यापाशी द्यावयास काही उरले नाही, आणि काही न देता गावाच्या शिवेवर थांबणारा माणूस संशयास पात्र झाला.

१८७१ चा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्याची तरतूद झाली, आणि मुंबई इलाख्यात त्याचा अंमल प्रामुख्याने यानंतरचा आहे. याआधी, १९०८ मध्ये, मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यात एकेका जमातीच्या वेषाचे, फिरण्याच्या प्रदेशाचे, चोरीच्या पद्धतीचे व बोलीचे वर्णन आहे. ग्रंथ उपयुक्त आहे आणि भयंकरही आहे. माणसांचे वर्णन पक्षी ओळखण्याच्या पुस्तकासारखे केले की कोणता पक्षी कोठे घरटे बांधतो एवढेच कळते. तो तेथे का आला, हे विचारावेसे वाटत नाही.

संगोपनाच्या दृष्टीने या कायद्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग मुलांविषयीचा आहे. मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या संस्थेत ठेवण्याचा अधिकार १८९७ च्या दुरुस्तीने सरकारकडे आला. १९२४ च्या सहाव्या कायद्याच्या सतराव्या कलमात तो अधिक स्पष्ट झाला : सहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मुलांना पालकांपासून अलग करून औद्योगिक, शेतकी वा सुधारणा-शाळेत ठेवण्याचा आदेश सरकारला देता येत असे. या कलमातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. गुन्हेगारी जर खरोखरच जन्मसिद्ध असेल, तर मुलाला आईपासून दूर नेऊन काहीच साधणार नाही. दूर नेल्याने तो सुधारेल असे वाटत असेल, तर दोष जन्माचा नाही, घराचा आहे. आणि मग संपूर्ण जमातीची जन्मावरून नोंदणी करण्यास आधार उरत नाही. कायद्याने ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी मानली. बापाची नोंद तो जन्माने चोर म्हणून आणि मुलाची रवानगी तो वळणाने चोर होईल म्हणून.

मुंबई इलाख्यात या जमातींसाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर, बारामती ही त्यांतील ठळक ठिकाणे. सोलापूरच्या वसाहतीचा कारभार काही वर्षे अमेरिकन मराठी मिशनकडे होता. इतर प्रांतांत हेच काम मुक्तिफौजेने अंगावर घेतले होते. सोलापुरात तो भाग आजही ‘सेटलमेंट’ या नावानेच ओळखला जातो. वसाहतीतील माणसांनी गिरण्यांत काम करावे, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी, परवान्यावाचून हद्द ओलांडू नये आणि मुलांना शाळेत घालावे, अशी व्यवस्था होती. चांगल्या वर्तनाची खात्री पटली की कुटुंबाला कुंपणाबाहेरच्या मोकळ्या वसाहतीत राहावयास मिळे.

या वसाहतींचे प्रमुख अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे पठडीतले पोलीस नव्हते. त्यांचा भर काम, शाळा व वस्ती यांवर होता. अस्पृश्य वर्ग व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व ठक्करबाप्पा हे तिचे सदस्य होते आणि तिचा अहवाल १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. सेटलमेंटमधील शाळांतून काही मुले शिकली, काही गिरणीतील कामगार झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कुंपणाच्या आत वाढणाऱ्या मुलाने प्रत्यक्षात काय पाहिले, याचाही हिशेब मांडला पाहिजे. रोज आपल्या बापाला हजेरीच्या रांगेत उभे राहताना त्याने पाहिले. बापाचा शब्द कोणत्याही बाहेरच्या माणसापुढे चालत नाही, हे पाहिले. परवान्यावाचून मामाच्या गावी गेलेला काका तुरुंगात गेलेला पाहिला. वास्तविक त्याने कोणाचे काही घेतले नव्हते. अपराध आणि शिक्षा यांचा संबंध कृत्याशी नसून नावाशी असतो, हा धडा त्याला कोणत्याही चोराने शिकविला नाही. तो त्याला राज्यकर्त्यांनी शिकविला. नैतिक जाणिवेची घडण म्हणजे आपल्या कृत्याचा परिणाम आपल्या कृत्यावरच अवलंबून असतो असा अनुभव वारंवार येणे, हे मान्य केले तर या मुलांच्या बाबतीत ती घडण प्रारंभीच मोडण्यात आली, असे म्हणावे लागते.

विसाव्या शतकाच्या मध्यास मानसशास्त्राने या प्रश्नाला हात घातला. लंडन येथील जॉन बोल्बी यांनी १९४४ मध्ये बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या चव्वेचाळीस चोर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील चौदा मुले कोणाविषयीच जिव्हाळा न वाटणारी अशी होती, आणि त्या चौदांपैकी बारांची आपल्या आईपासून लहानपणी दीर्घ काळ ताटातूट झालेली होती. संख्या लहान आहे आणि पद्धतीवर पुढे आक्षेप आले. मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये असे दाखविले की केवळ ताटातुटीपेक्षा घरातील कलह व दुरावा हे अधिक घातक असतात. तरीही एक गोष्ट उरते. ज्या ताटातुटीला १९२४ चा कायदा गुन्हेगारीवरील औषध समजत होता, तिलाच वीस वर्षांनी बोल्बी रोगाच्या कारणांत मोजीत होते.

याहून महत्त्वाचा भेद १९५२ मध्ये पुढे आला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या पहिल्या निदानपुस्तिकेत दोन प्रकारच्या माणसांना वेगळे केले. पहिला समाजविरोधी प्रकार : कोणाशीही निष्ठा नसलेला, अनुभवाने न शिकणारा, पश्चात्ताप न होणारा. दुसऱ्याला ‘डिस्सोशल’ असे नाव दिले : जो कायदा मोडतो, पण ज्या वातावरणात तो वाढला त्याच्या नियमांना धरून वागतो, आणि ज्याच्या ठायी आपल्या माणसांविषयी बळकट निष्ठा असू शकते. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीने हा दुसरा वर्ग मनोविकारांच्या रांगेतूनच बाहेर काढला. १९८० नंतरच्या व्याख्येनुसार समाजविरोधी व्यक्तिमत्त्वविकाराचे निदान अठरा वर्षांनंतरच करता येते आणि त्यासाठी पंधराव्या वर्षापूर्वीच वर्तनदोषाची चिन्हे दिसलेली असावी लागतात. ही व्याख्या एकेका व्यक्तीची आहे. जमातीला व्यक्तिमत्त्व नसते; तेव्हा जमातीला व्यक्तिमत्त्वविकारही असू शकत नाही.

१९५२ हेच वर्ष भारतातील गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या समाप्तीचेही आहे. मुंबई प्रांतात कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३९ मध्येच या कायद्याची तपासणी केली होती, प्रांतातील कायदा १९४९ मध्ये रद्द झाला आणि अनंतशयनम् अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु दिल्लीतील रद्दीकरण आणि अमेरिकेतील वर्गीकरण या दोहोंचा आशय एकच होता : आपल्या घराच्या नियमाने वागणारा माणूस आणि कोणताच नियम न मानणारा माणूस हे दोन वेगळे होत.

घराचे हे नियम कसे शिकविले जात, याचा आतून दिलेला पुरावा फार उशिरा उपलब्ध झाला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. समीक्षकांनी या ग्रंथांचा विचार दलित व भटक्यांच्या साहित्याच्या संदर्भात पुष्कळ केला. संगोपनाच्या इतिहासाचे साधन म्हणून मात्र त्यांच्याकडे पुरेसे पाहिले गेलेले नाही. ‘उचल्या’मध्ये खिसा कापण्याचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना घरची वडीलधारी माणसे मारतात, ते चुकल्याची शिक्षा म्हणून नव्हे. पोलिसांचा मार पडेल तेव्हा तोंडून साथीदाराचे नाव निघू नये, म्हणून अंगाला माराची सवय व्हावी हा त्यामागील हेतू असतो. शाळेत जाणारा मुलगा याच वस्तीत अपशकुनी ठरतो.

एखाद्या पाश्चात्त्य चिकित्सकाला हा सर्व प्रकार केवळ बालछळ वाटेल, आणि मुलाच्या देहाच्या दृष्टीने तो छळच आहे. तथापि त्याचे प्रयोजन पाहिले तर ते क्रौर्याचे दिसत नाही. ज्या जगात मुलाला मार मिळणार हे निश्चित आहे, त्या जगासाठी बाप त्याला तयार करतो. बेरडपणा म्हणून मराठी भाषेने ज्या वृत्तीची हेटाळणी केली ती ही, मार सोसूनही तोंड न उघडण्याची. तिचे मूळ पोलीस चौकीत आहे. घराने फक्त तिची पूर्वतयारी करून घेतली. आणि या वृत्तीच्या केंद्रस्थानी निष्ठेचा अभाव नाही, तर साथीदाराचे नाव न सांगण्याची टोकाची निष्ठा आहे. १९५२ च्या पुस्तिकेतील दुसऱ्या वर्गाचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

या निष्ठेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती ज्या संस्थेने जोपासली ती जातपंचायत. पोलीस व न्यायालय शत्रुपक्षात असल्यावर आपापसांतील तंटे मिटविणारी दुसरी संस्था नव्हती. आपल्या माणसाची चोरी व पंचांपुढील खोटे यांना तेथे कठोर शिक्षा असत. परंतु त्याच पंचायतीने स्त्रियांवर व विरोध करणाऱ्यांवर जी दहशत बसविली तिचा पुरावा पालेगावच्या शेजारी, अंबरनाथ शहरातच आहे. विमुक्त जातींत मोडणाऱ्या कंजारभाट समाजातील नववधूच्या कौमार्यपरीक्षेच्या प्रथेस विरोध केल्यामुळे तेथील एका कुटुंबावर बहिष्कार घालण्यात आला. घरात मृत्यू झाला असता जातभाईंनी अंत्यविधीस जाऊ नये, येथपर्यंत तो गेला. मे २०१९ मध्ये या प्रकरणी सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली, जो महाराष्ट्रात २०१७ पासून अमलात आहे, गुन्हा नोंदविण्यात आला. प्रथेविरुद्ध उभे राहिलेले तरुणही त्याच समाजात, त्याच वळणात वाढलेले होते, ही गोष्ट वळणाला अटळ मानणाऱ्या सर्वांनी विचारात घ्यावी.

वळण अटळ नसते, हे अन्य अभ्यासांनीही दाखविले आहे. ली रॉबिन्स यांनी अमेरिकेतील सेंट लुईस येथे बालचिकित्सालयात आलेल्या ५२४ मुलांचा सुमारे तीस वर्षांनंतर माग काढला. त्यांचा ग्रंथ १९६६ मध्ये निघाला. बापाचे समाजविरोधी वर्तन हे मुलाच्या पुढील वर्तनाचे एक महत्त्वाचे सूचक ठरले, हे खरे. पण उपद्रवी मुलांपैकी बहुतेक मुले मोठेपणी तशी राहिली नाहीत, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले. १९८० नंतरच्या दशकात एकाच प्रश्नावलीने केलेल्या पाहण्यांत तैवानमधील समाजविरोधी व्यक्तिमत्त्वाचे प्रमाण अमेरिकेतील प्रमाणाच्या मानाने फारच अल्प आढळले. त्याचे श्रेय बांधीव कुटुंबसंस्थेला देण्याची प्रथा आहे. हा निष्कर्ष घाईचा वाटतो. कैकाडी वा पारधी कुटुंबही काही कमी बांधीव नाही. त्याच्या निष्ठेचा परीघ मात्र तांड्यापाशी संपतो, आणि तो तेथे संपावा अशी व्यवस्था परिघाबाहेरच्यांनीच केली. डनेडिन येथील २००२ च्या प्रसिद्ध संशोधनाने तर जनुकाचा प्रभावही बालपणातील छळाच्या जोडीनेच दिसतो असे सुचविले. म्हणजे ज्या क्षेत्रात रक्ताचा पक्ष सर्वांत प्रबळ असावयास हवा, तेथेही त्याला घराचा आधार घ्यावा लागतो.

या विषयात भाषाभ्यासकांचाही काही दोष आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषापाहणीचा अकरावा खंड १९२२ मध्ये निघाला. त्यात भामटी, कोल्हाटी, कंजारी, साँसी, गारुडी इत्यादी बोली ‘जिप्सी भाषा’ म्हणून एकत्र केल्या आहेत. शब्दाचे आद्य व्यंजन बदलून वा पुढे-मागे अक्षर जोडून अर्थ लपविण्याच्या ज्या युक्त्या तेथे नोंदल्या आहेत त्या खऱ्या आहेत. अशा युक्त्या दलालांच्या व सराफांच्या भाषेतही आढळतात, पण सराफांची गणना त्यामुळे कोणी गुन्हेगार जमातींत केली नाही. शिवाय या जमातींची घरातील भाषा आणि धंद्यातील परिभाषा यांत पोलिसांनी फरक केला नाही. कैकाडी ही तमिळशी नाते सांगणारी द्राविड बोली आहे. त्याच पाहणीच्या चौथ्या खंडात, १९०६ मध्ये, तिचे स्थान दाखविलेले आहे. पारध्यांची बोली गुजरातीला जवळची आहे. कैकाड्याची आई आपल्या लेकराला झोपविताना जी भाषा बोलत होती ती चोरांची गुप्त भाषा म्हणून ऐकली गेली, कारण ती ऐकणाऱ्याला समजत नव्हती. तीच भाषा घेऊन मूल मराठी शाळेत गेले की ते गप्प बसे. गप्प बसणारे मूल मंद किंवा मनात काही लपविणारे समजले जाते, आणि मास्तरांच्या वहीत त्याच्या नावापुढे जो शेरा पडतो तो पुढे त्याच्याबरोबर चालत राहतो.

कायदा गेला तरी नोंदी गेल्या नाहीत. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यात जमातीऐवजी व्यक्ती आली, ही प्रगती होय. परंतु चौकीवरील संशयाची सवय जुन्याच यादीनुसार चालू राहिली. १९९८ मध्ये महाश्वेता देवी, गणेश देवी व लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी जी संघटना उभी केली तिचे कारणही पोलीस कोठडीतील मृत्यू हेच होते. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी केंद्र सरकारला अहवाल दिले, दोघेही महाराष्ट्रातील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीय भेदभावाविषयी दिलेल्या निकालात विमुक्त जमातींचा उल्लेख जन्मजात गुन्हेगार या धर्तीवर करणाऱ्या कारागृह-नियमांवर बोट ठेवले. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाली असताना हे नियम पुस्तकांत शिल्लक होते.

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज चौदा नावे आहेत. शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणाऱ्या टकारी समाजातील मुलाला जातीचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्याची जात त्या यादीतील ज्या मथळ्याखाली मोडते तो शब्द ‘भामटा’ हा आहे. हाच शब्द त्याला शाळेच्या ग्रंथालयातील मराठी शब्दकोशातही सापडतो. तेथे त्याच्यापुढे लबाड, ठक असा अर्थ दिलेला असतो.